प्रकाश आला, चित्र गेलं

बॅकलाइटच्या नव्या पट्ट्या बसवून, काच परत जागेवर ठेवून, सगळे स्क्रू आवळून टीव्ही चालू करावा. आवाज यावा, पडद्यामागे उजेड झालेलाही कळावा आणि चित्र मात्र येऊ नये, हा एलईडी टीव्हीच्या दुरुस्तीतला सगळ्यांत जड क्षण असतो. सेट आला तेव्हा त्याला एकच दुखणं होतं आणि ते नेमकं माहीत होतं. ते बरं झालं आणि दुसरंच उभं राहिलं. अशा वेळी दुरुस्ती करणाऱ्याच्या तोंडून पहिल्यांदा ‘बोर्ड गेला’ किंवा ‘पॅनेल गेलं’ असंच निघतं. दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात, पण पहिल्या पाच मिनिटांत त्या म्हणण्याइतका पुरावा कुणाच्याही हाती नसतो. माझं म्हणणं असं, की दुरुस्तीनंतर उपटलेला बिघाड आधी दुरुस्तीच्या वाटेवरच शोधायला हवा. हात ज्या क्रमाने सेटमध्ये गेले, जिथे जिथे लागले, तीच वाट उलट चालत गेलं की बिघाड बहुतेक वेळा वाटेतच सापडतो. बोर्डाचा आणि पॅनेलचा संशय त्यानंतर घ्यावा.

हे म्हणण्याला कारण आहे ते या कामाच्या रचनेतच. टीव्हीतले एलईडी सगळ्यांत तळाशी असतात. त्यांच्यावर पांढरा परावर्तक कागद, त्यावर प्रकाश पसरवणारी जाड डिफ्यूझर प्लेट, तिच्यावर दोन-तीन पातळ फिल्म, मग प्लॅस्टिकची चौकट आणि सर्वांत वर चित्र तयार करणारी काच. म्हणजे दिव्यांपर्यंत जायचं तर चित्राची काच उचलून बाजूला ठेवल्याशिवाय वाट नाही. बिघडलेली वस्तू स्वस्त आणि तिच्यावर पांघरलेली वस्तू सेटमधली सर्वांत महाग, असा हा उलटा मामला आहे. काच म्हणजे एकमेकींना चिकटलेल्या दोन पातळ काचा. प्रत्येकीची जाडी साधारण अर्धा ते पाऊण मिलिमीटर. तिच्या कडेला लवचिक फितीचे तुकडे चिकटवलेले असतात, त्यांना आमच्याकडे कॉफ किंवा टॅब म्हणतात. या प्रत्येक फितीच्या पोटात एक चिप असते आणि फितीचं दुसरं टोक एका लांबट, अरुंद बोर्डाला जोडलेलं असतं. डाव्या-उजव्या अर्ध्याला असा बहुधा एकेक बोर्ड असतो. त्यातून रिबन केबल निघते ती टी-कॉनकडे, म्हणजे पॅनेलला संकेत पुरवणाऱ्या बोर्डाकडे, आणि टी-कॉनकडून एलव्हीडीएस केबल मेन बोर्डाकडे. चालू सेटमध्ये या साखळीला वर्षानुवर्षं कुणी बोट लावत नाही. बॅकलाइटच्या दुरुस्तीत मात्र ती जवळजवळ संपूर्ण सोडवावी लागते आणि पुन्हा जोडावी लागते. मग नवा बिघाड तिथे शोधायचा, की ज्या मेन बोर्डाला या कामात फक्त एक केबल काढण्यापुरता हात लागला तिथे? आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी नेऊन उपयोग नाही.

पण शोधायला निघण्याआधी ‘चित्र नाही’ या दोन शब्दांचा अर्थ लावणं भाग आहे, कारण त्यांच्या आड किमान चार वेगळे बिघाड लपतात. आवाज नाही, रिमोटला उत्तर नाही, नुसता लाल दिवा पेटलेला, तर प्रश्न सप्लायचा किंवा मेन बोर्डाचा. चालू करताच एक-दोन सेकंद उजेड येतो आणि मग अंधार, आवाज मात्र चालू, तर बॅकलाइटचंच काम अपुरं राहिलेलं आहे: पट्टीचा कनेक्टर नीट बसलेला नाही, पट्टी उलट जोडली गेली आहे, किंवा 3 व्होल्टच्या दिव्यांच्या जागी 6 व्होल्टचे दिवे आले आहेत. हे दोन्ही प्रकारचे दिवे वरून इतके सारखे दिसतात, की मोजल्याशिवाय फरक कळत नाही. एकामागोमाग एक जोडलेल्या दिव्यांपैकी एकाची जरी वाट तुटली, तरी ड्रायव्हर प्रवाह पुरा करण्यासाठी व्होल्टेज वाढवत जातो आणि ठरलेल्या मर्यादेवर स्वतःला बंद करून घेतो. तुटलेली रांग पेटतच नाही; इतर रांगांचा तो एक-दोन सेकंदांचा उजेड म्हणजे त्याचीच खूण. तिसरा प्रकार असा, की उजेड टिकून आहे पण चित्र अर्धंच आहे, किंवा उभ्या-आडव्या रेषा आहेत, किंवा रंग फोटोच्या निगेटिव्हसारखे उलटे झाले आहेत. आणि चौथा, या लेखाचा खरा विषय: आवाज आहे, उजेड आहे, पडदा पूर्ण काळा आहे. इथे एक गल्लत नेहमी होते. टीव्हीच्या बहुतेक पॅनेलांची घडण अशी असते, की विद्युत संकेत मिळाला नाही तर ती प्रकाश अडवून धरतात. म्हणून मागे दिवे लख्ख पेटलेले असले तरी समोरून पडदा अंधारा दिसतो आणि ‘लाइट लागत नाही’ असा निष्कर्ष निघून पट्ट्या पुन्हा उघडल्या जातात. खोली काळोखी करून पडद्याकडे तिरकं पाहिलं, की काळ्यावर राखाडी-निळसर झळाळी दिसते. ती दिसली तर दिवे ठीक आहेत. याच्या उलट, पडदा खरोखर अंधारा असेल तर जोरदार टॉर्च काचेजवळ तिरका धरावा. आत पुसट का होईना, मेनूची अक्षरं दिसली तर चित्र तयार होतंय आणि प्रकाशच नाही. टॉर्च आणि काळोखी खोली, एवढ्या दोन साधनांनी निम्मा प्रश्न सुटतो. त्यासाठी एकही स्क्रू काढावा लागत नाही, तरी ही पायरी गाळली जाते याचं मला दर वेळी वाईट वाटतं.

चौथा प्रकार ठरला, की वाट उलट चालायची. शेवटी काय जोडलं? एलव्हीडीएस केबल. फुल एचडी सेटमध्ये ती बऱ्याचदा 51 पिनांची असते आणि दोन पिनांमधलं अंतर अर्धा मिलिमीटर. कनेक्टर केसभर तिरका बसला तरी डोळ्याला सरळच दिसतो. या केबलमधून दोन गोष्टी जातात: चित्राची माहिती आणि टी-कॉनला लागणारी वीज, मोठ्या सेटांत बहुधा 12 व्होल्ट. वीज एका टोकाच्या काही पिनांवर असते. तिरक्या बसलेल्या कनेक्टरमुळे ती शेजारच्या पिनेला भिडली, किंवा सेट चालू असतानाच केबल काढली-घातली, तर टी-कॉनवरचा तांदळाच्या दाण्याएवढा फ्यूज उडतो. मग आवाज येतो, दिवे लागतात, चित्र येत नाही. लक्षण हुबेहूब ‘पॅनेल गेलं’ असं. मल्टिमीटरचं काळं टोक चॅसीला आणि लाल टोक फ्यूजच्या एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला लावायचं. एकीकडे 12 आणि दुसरीकडे शून्य आलं, की फ्यूज उडालेला आहे हे नक्की. दोन्हीकडे शून्य असेल तर वीज टी-कॉनपर्यंत पोचतच नाही. तेव्हा केबल आणि मेन बोर्ड. दोन्हीकडे 12 असेल तर पुढे जायचं. टी-कॉन त्या 12 व्होल्टांपासून पॅनेलसाठी वेगवेगळी व्होल्टेज बनवतो: साधारण 15-16 व्होल्टांचं एक, 25 ते 30 च्या आसपासचं दुसरं, शून्याखाली काही व्होल्ट असलेलं तिसरं, शिवाय 3.3. बोर्डावर त्यांची नावं बहुतेकदा छापलेली असतात. यांतलं एक जरी नसलं तरी पडदा काळा. आणि माहितीच्या जोड्यांवर सेट चालू असताना प्रत्येक तारेला साधारण 1.2 व्होल्ट मिळत असतील, तर मेन बोर्ड बोलतोय असं समजायला हरकत नाही. काही टी-कॉनमध्ये स्वतःची चाचणी असते. माहितीची केबल नसताना नुसती वीज दिली की ते लाल, हिरवे, निळे पडदे आळीपाळीने दाखवतात. तसे रंग दिसले, तर काच आणि टी-कॉन दोन्ही बहुतांशी संशयातून सुटतात.

फ्यूज उडालेला मिळाला, की त्यावर तारेचा तुकडा टाकून पाहण्याचा मोह होतो. तो टाळायलाच हवा. फ्यूज उडण्याचं कारण बोर्डात शिल्लक असेल, तर तारेच्या त्या तुकड्याने पुढची चिप जळते आणि मग कारण शोधायला पुरावाही उरत नाही. आधी वीज पूर्ण बंद करून फ्यूजच्या पुढच्या बाजूचा चॅसीशी रोध मोजावा. शॉर्ट दाखवत असेल तर काचेकडे जाणाऱ्या दोन रिबनांपैकी एक सोडवावी आणि पुन्हा मोजावं. शॉर्ट नाहीसा झाला, तर तो टी-कॉनमध्ये नसून त्या बाजूच्या अरुंद बोर्डावर किंवा टॅबमध्ये आहे. नीट न बसलेल्या एलव्हीडीएस केबलसारखंच रिबनचंही आहे. तिच्या एका अंगाला संपर्काच्या चकचकीत पट्ट्या असतात आणि कनेक्टरमध्ये ते अंग कुठल्या दिशेला हवं हे ठरलेलं असतं. खटका पूर्ण खाली न बसणं, रिबन अर्धा मिलिमीटर वर राहणं, उलटी जाणं, संपर्कावर बोटाचा घाम लागणं, या सगळ्यांचं लक्षण ‘चित्र नाही’ हेच. कोकणात आणि गोव्यात खाऱ्या, दमट हवेने हे संपर्क आधीच काळवंडलेले असतात. वर्षानुवर्षं न हललेला संपर्क चालत राहतो, पण एकदा काढून परत घातला की साथ देत नाही. म्हणून तिथे रिबन परत बसवण्याआधी संपर्क पुसणं हा कामाचाच भाग समजायला हवा. स्क्रूंबद्दल थोडक्यात एवढंच, की ते नुसते पकडून ठेवत नाहीत. त्यांतले काही बोर्डाला चॅसीशी विद्युत जोडणी देतात. एखादा राहिला, वेगळ्या लांबीचा लागला किंवा बोर्डाखाली पडून राहिला, तर त्याचा हिशेब चित्रात निघतो.

आता टॅब. फुल एचडी पडद्यावर 1920 उभे रकाने, प्रत्येकात तीन रंग, म्हणजे 5760 उभ्या वाटा. त्या सगळ्या काचेच्या कडेवर या काही फितींतून उतरतात. शेजारशेजारच्या वाटांमधलं अंतर केसाच्या जाडीपेक्षा कमी असतं. फीत काचेला डाखाने जोडलेली नसते. वीजवाहक कण मिसळलेल्या चिकट थराने, ठरावीक उष्णता आणि दाब देऊन बसवलेली असते. काच उचलताना अरुंद बोर्ड खाली लोंबला, फीत चौकटीत चिमटली, किंवा काच ठेवताना ती काटकोनात दुमडली, की वाटा तुटतात. एक फीत गेली तर चित्राचा उभा पट्टा जातो. पण फितीतच शॉर्ट झाला, तर टी-कॉनची व्होल्टेज खाली बसतात आणि सगळा पडदा काळा होतो. इथेही अर्ध्या पडद्याची चाचणी उपयोगी पडते: वीज बंद करून एका बाजूची रिबन काढायची, मग चालू करायचं. उरलेल्या अर्ध्यात चित्र आलं, तर दोष कुठल्या अर्ध्यात आहे ते कळलं. ही चाचणी मला सर्वांत प्रामाणिक वाटते, कारण तिचा निकाल दुरुस्ती करणाऱ्याच्या विरुद्ध गेला तरी तो लपवता येत नाही. टॅब फाटलेला असेल तर बाँडिंगच्या यंत्राशिवाय इलाज नाही. ते यंत्र साध्या दुकानात नसतं आणि असलं तरी प्रत्येक काच वाचतेच असं नाही. स्थिर विजेचंही भान हवं. कोरड्या थंडीत, विशेषतः संरक्षक फिल्म सोलताना, चिपला मारण्याइतका विद्युतदाब क्षणात तयार होतो आणि मारलेल्या चिपवर कुठलाही डाग दिसत नाही.

यावर या व्यवसायातल्याच माणसांचा पहिला आक्षेप वजनदार आहे. ते म्हणतात, दिवे बंद असताना सेट आला. तेव्हा चित्र होतं की नव्हतं हे कुणी पाहिलं? पडदा पुसण्याचं द्रावण थेट काचेवर फवारल्याने ते खाली ओघळून टॅबमध्ये शिरलेलं असतं, उष्णतेने टी-कॉन आधीच अशक्त झालेला असतो. आमच्या हाताचा दोष काय? हा युक्तिवाद खोटा नाही. दोन बिघाड एकत्र नांदू शकतात आणि अंधारात दुसरा दिसत नाही. पण याचं उत्तर आक्षेपाच्याच पोटात आहे: अंधारात दिसत नाही, तर टॉर्च लावून पाहा. सेट उघडण्याआधी टॉर्चच्या उजेडात मेनू दिसला, तो डावीकडून उजवीकडे सलग होता, ही नोंद असेल, तर दुरुस्तीनंतरच्या काळ्या पडद्याचं उत्तर दुरुस्तीच्या वाटेवरच आहे. तेव्हाच मेनू अर्धा दिसत असेल, तर पट्ट्या बदलण्याआधी गिऱ्हाइकाला सांगून थांबता येतं आणि त्याचे पैसे वाचतात. ही चाचणी न करता ‘आधीपासूनच होतं’ म्हणणाऱ्याजवळ पुरावा नसतो. आणि पुरावा नसताना माझा कल गिऱ्हाइकाकडे झुकतो, कारण सेट उघडण्याचा निर्णय आणि टॉर्च दोन्ही दुकानाच्या हातात होते.

दुसरा आक्षेप वेळेचा. मोजत बसण्यापेक्षा टी-कॉन बदलून पाहणं झटपट होतं. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत सुटे भाग मिळतात, मग तासभर का घालवायचा? ज्याच्याकडे रोज बरेच सेट येतात त्याची ही अडचण मी हलकी मानत नाही. पण बदलून पाहणं ही चाचणी तेव्हाच ठरते, जेव्हा बदलण्याने काही बिघडत नाही. फितीत शॉर्ट असताना नवा टी-कॉन जोडला, की त्याचाही फ्यूज उडतो; आता एकाऐवजी दोन बोर्ड मेलेले असतात आणि ‘नवा बोर्डही खराब निघाला’ असा चुकीचा निष्कर्ष पदरात पडतो. त्याच आकाराचा पण दुसऱ्या पॅनेलचा टी-कॉन लावला तर चित्र विचित्र येतं आणि काचच गेली असं वाटू लागतं. मेन बोर्ड बदलला तर त्यातली पॅनेलची सेटिंग जुळावी लागते, नाहीतर बरा बोर्डही काळा पडदाच दाखवतो. फ्यूजच्या दोन बाजू मोजायला लागतात दोन मिनिटं, केबल काढून उजेडात तपासून परत बसवायला पाच. वेळ खरोखर वाचवायचा असेल, तर तो आधीच वाचवता येतो: काच ठेवण्यापूर्वी नुसते दिवे अर्धा-पाऊण तास पेटते ठेवून पाहावेत, आणि काच ठेवल्यावर बेझलचा, म्हणजे पुढच्या चौकटीचा, पहिला स्क्रू आवळण्याआधीच चित्र बघावं. त्या टप्प्यावर चित्र आलं आणि बेझल बसवल्यावर गेलं, तर दोष बेझलने चिमटलेल्या फितीत आहे हे न मोजताही कळतं.

तिसरा आक्षेप दुकानाबाहेरचा आहे. एवढी जोखीम असेल तर बॅकलाइटची दुरुस्ती करूच नये, टीव्ही टाकून नवा घ्यावा, असं आता सहज सुचवलं जातं. हे मला पटत नाही. दिवे थकले म्हणून काच थकत नाही. नीट उचलली गेली तर ती पुढे कितीतरी वर्षं चालू शकते. टीव्हीच्या किमतीचा सर्वांत मोठा वाटा याच काचेचा असतो. दिव्यांपायी ती भंगारात घालणं म्हणजे ट्यूबलाइट गेली म्हणून खोली पाडणं. देशात 1 एप्रिल 2023 पासून नवे ई-कचरा नियम लागू आहेत आणि त्यांत टीव्ही येतो. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टलही सुरू केलं. धोरणाचा रोख दुरुस्तीकडे आहे, हे चांगलंच आहे. पण गल्लीतल्या दुकानापर्यंत सर्किटचा नकाशा आणि सुटी काच रास्त भावात पोचत नाही, तोवर दुरुस्तीची सगळी जोखीम एका माणसाच्या बोटांवर येऊन पडते. आयटीआयच्या इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकच्या दोन वर्षांत मल्टिमीटर हातात बसतो. 43 इंची काच दोघांनी चार कोपऱ्यांवर समान तोलून कशी उचलायची हे मात्र बहुतेक जण दुसऱ्याच्या दुकानात, कुणाच्यातरी काचेवर शिकतात. उपाय दुरुस्ती सोडण्यात नाही. फुटक्या सेटांच्या निकामी काचा शिकणाऱ्यांना उचलायला, ठेवायला, फिती सोडवायला दिल्या, तर चालू काचांवरचे प्रयोग थांबतील. अशा काचा प्रत्येक दुकानात भिंतीला टेकून उभ्या असतात.

उरतो पैशाचा प्रश्न, आणि सगळ्या आक्षेपांच्या तळाशी तोच असतो. आपल्या हाताने झालं असं मान्य केलं तर भरपाई द्यावी लागेल, आणि काचेची भरपाई छोट्या दुकानाचा महिना खाऊन टाकते. या भीतीपोटी माणूस हाताच्या वाटेवर शोधायचंच टाळतो आणि सात-आठ पायऱ्या गाळून थेट ‘पॅनेल गेलं’वर येतो. इथेच त्याचं जास्त नुकसान होतं. कारण त्या गाळलेल्या पायऱ्यांवर तिरका कनेक्टर, अर्धवट खटका, उडालेला फ्यूज असे किरकोळ खर्चाचे बिघाड असतात, आणि काचेची भरपाई द्यायची वेळच येत नाही. खरोखर टॅब फाटला असेल तर तो फाटलेला दिसतो. भिंगाखाली धरला की गिऱ्हाइकालाही दिसतो. तेव्हा काय करायचं हे आधी ठरलेलं असावं. सेट घेताना पावतीवर चार ओळी लिहाव्यात: टॉर्चच्या उजेडात चित्र पूर्ण दिसलं की नाही; काचेवर आधीपासून रेषा, डाग, ओल आहे का; काच काढावी लागणार आणि तिला धोका आहे हे सांगितलं का; आणि काच गेलीच तर दुकान किती सोसणार, मजुरी घेणार की नाही. खाली दोघांच्या सह्या. बॅकलाइटचे पैसे ठरवण्याआधी ही चौथी ओळ भरायची, आणि ती रिकामी असेल तर स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यायचा नाही.